मी मनगटपट्टा धुतला तेव्हा

तुमचा बाबा तिकडे अमेरिकेत टीव्हीसमोर बसून क्वार्टरबॅकला भित्रा म्हणतो, असं तुम्ही नातवंडांनी फोनवर सांगितलंत. म्हणून हे लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही लेस्टरला राहत होतो. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल दाखवायला लागले आणि ठिकठिकाणी मुलांनी संघ काढले. एकोणीस वर्षांचा तुमचा बाबा अशाच एका संघाचा क्वार्टरबॅक होता. चेंडू आधी त्याच्या हाती येई. समोरची धिप्पाड मुलं अंगावर येण्याआधी तो कुणाकडे फेकायचा, हे त्यानेच ठरवायचं. आदल्या वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे हरलं की बाहेर अशा सामन्यात, तो चेंडू छातीशी धरून नुसता उभा राहिला होता. यंदा तसंच झालं तर तुझ्या जागी दुसरा खेळेल, असं कोचने बजावलं होतं.

कुणी कुठे धावायचं याच्या त्यांच्या तीसेक चाली होत्या, प्रत्येकीला नंबर. त्या मी त्याच्याकडून पाढ्यांसारख्या घोकून घेतल्या. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, की त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या. मी पोळ्या लाटता लाटता कागदात बघून चुका काढायची. लहानपणी पाढेही त्याने त्याच भिंतीला ऐकवले होते.

यंदाचा तसाच सामना रविवारी होता. शनिवारी माझ्या घरात मळका कपडा राहत नसे. त्याच्या मनगटपट्ट्यावर शाईचे डाग दिसले, ते मी साबणाने घासून घासून काढले.

मैदानावर पट्टा चढवताना तो थबकला.

"आई, तू माझा पट्टा धुतलास?"

मी अभिमानाने हो म्हटलं. त्याचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं, की ते डाग नव्हते. बारीक अक्षरात लिहिलेल्या चाली होत्या.

पूर्वार्धात तो दोनदा चेंडू धरून उभा राहिला आणि दोन्हीदा आडवा झाला. कोच दुसऱ्या मुलाशी बोलायला लागला. मध्यंतरात तुमचा बाबा मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी माझ्याकडे आला. चाली येतात, पण ते धावत आले की डोकं ब्लँक होतं, म्हणाला.

"पाढे म्हणताना कुठे बघायचास?"

"भिंतीकडे."

"मग त्यांना भिंत समज. आणि मनात नको, तोंडाने म्हण."

उत्तरार्धात त्याचे ओठ हलताना मला लांबूनही दिसत होते. शेवटच्या मिनिटाला संघ मागेच होता. आजोबांनी चहा ओतायला थर्मास उघडला होता, तो तसाच हातात राहिला. तिघे जण त्याच्यावर चालून आले. तो पुटपुटत उभा, जागचा हलला नाही. मग त्याने चेंडू असा लांब फेकला, की कोपऱ्यात धावणाऱ्या मुलाच्या थेट हातात पडला. जिंकलो. कोचने त्याच्या हेल्मेटवर एवढे गुद्दे मारले, की मीच त्याला आवरायला निघाले.

परतताना गाडीत चिखलाच्या हाताने पोळीभाजी खात तो म्हणाला, "आई, किचनची भिंत अंगावर पळत येत नव्हती गं."

पुढच्या सामन्यालाही तोच खेळला. पट्टा मात्र त्याच्या आदल्या शनिवारी उशीखाली घेऊन झोपला.