आबांची मांजर अक्कलकुव्यात

सासूबाई गेल्यानंतर माझे सासरे, आबा, बरेच दिवस सारंगखेड्याच्या घरी एकटेच राहिले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कुठे ते आमच्याकडे अक्कलकुव्याला यायला तयार झाले. येताना आबांनी कपड्यांची एक पेटी आणली आणि फडक्याने तोंड बांधलेली टोपली. टोपलीत सासूबाईंची मांजर होती, राखाडी, अर्ध्या कानाची. अख्खा रस्ताभर ती ओरडत होती आणि आबा टोपलीवर हात ठेवून तिच्याशी बोलत होते.

आमचं घर बाजारपेठेत, एका कापड दुकानाच्या वर. गावी मांजरीला शेताची मोकळी माती होती, इथे खाली रस्ता आणि ट्रकचे हॉर्न. म्हणून मी मोरीत, वॉशिंग मशीनशेजारी, प्लॅस्टिकचा एक ट्रे ठेवला आणि त्यात रेती भरली. तिनेही फार कुरकुर केली नाही. चार ठिकाणी हुंगलं, उकरलं आणि ट्रे आपला मानला. आबांना तिचं कोण कौतुक!

थंडी सुरू झाली आणि तिचं बिनसलं. आधी पायपुसण्यावर, मग धुवायच्या कपड्यांच्या ढिगात, मग सोफ्याच्या कोपऱ्यात. शाळेत शिकवून दमून यावं तर दारातच तो उग्र वास. मी फिनेलने ट्रे घासला, फरशी घासली, रेती बदलली. ती मोरीच्या दारापर्यंत यायची आणि मागे वळायची. मी हातात धरून ट्रेत ठेवली तर अंग ताठ करून उडी मारायची.

एका जेवणाच्या वेळी नवरा वैतागून म्हणाला, "गावी शेजाऱ्यांकडे ठेवू तिला. तिथं सुखात राहील."

आबा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

त्यानंतर घर एकदम स्वच्छ राहू लागलं. मला वाटलं, मांजर सुधारली. मग एकदा शाळा लवकर सुटली. घरी आले तर मोरीत पाण्याचा आवाज. आबा स्टुलावर बसून, दुखरे गुडघे कसेबसे वाकवून, स्वतःचं धोतर आणि अंथरुणाची चादर चोळत होते. मला पाहून दचकले.

"चहा सांडना व्हता," ते म्हणाले.

चादरीला चहाचा नाही, मांजरीचा तोच उग्र वास होता. त्यांनाही कळलं की मला कळलं. मी त्यांच्या हातातून चादर घेतली. तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "तिले गावले धाडशात ना, तर माले बी धाडा. ती मुद्दाम नही करत, बेटा. तिले काहीतरी व्हई ऱ्हायनं. घडीघडी बसस, पन थेंबभरच उतरस."

मी चिंचपाड्याकडची. आबांची अहिराणी मला समजते, पण बोलताना जीभ अडखळते. "आबा, तुम्हाला कोणी कुठे पाठवत नाही. तिलाही नाही. पण हे आधी सांगायचं ना!" एवढंच मला जमलं. हा माणूस आपल्याच लेकाच्या घरात चोरून कपडे धूत होता.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि आम्ही तिघं टोपली घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. बाहेर एक म्हैस आणि शेळ्या ताटकळत होत्या, त्यांत आमची टोपली. डॉक्टरांनी तिचं पोट हलकेच दाबलं तशी ती कळवळून ओरडली. आबांचाच चेहरा पिळवटला.

"लघवीला जळजळ आहे," डॉक्टर म्हणाले. "ट्रेत बसलं की दुखतं, म्हणून तिला ट्रेचीच भीती बसली. कुठे ठेवलाय तो?"

मी जागा सांगितली, फिनेलने घासते तेही सांगितलं.

"मशीन सुरू झालं की ती आणखी घाबरत असणार. फिनेलही बंद करा, मांजरांना ते बाधतं. औषध देतो. पाणी भरपूर पोटात जाऊ द्या आणि ट्रे शांत जागी ठेवा."

औषध पाजणं हे आबांचं काम. मी तिला टॉवेलात गुंडाळून धरायची, ते जबड्याच्या कडेने पिचकारी सोडायचे आणि वर म्हणायचे, "झायं, मन्ही माय, झायं." माझ्या हातांवर ओरखडे उठले. त्यांच्यावर तिने कधी नख उगारलं नाही. नवऱ्याने कामावरून येताना पसरट घमेलं आणलं, मळ्यातली भुसभुशीत माती आणली आणि मागच्या गॅलरीत, कुंड्यांच्या आडोशाला सगळं मांडलं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. घमेलं नीट बसलंय का ते त्याने दोनदा हलवून पाहिलं.

मांजरीने पहिले काही दिवस तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोफ्यावर आणखी एकदा घाण झाली, तीही मी निमूट पुसली. मग एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत असताना ती आली. मातीत पाय रोवले, खड्डा उकरला, बसली. मी श्वास रोखून उभी. उठल्यावर तिने इतकं मन लावून माती ओढली की कडेची थोडी माझ्या पायावर उडाली.

"आबा, या लवकर!" मी हाक मारली.

ते भिंतीला धरत आले, वाकून घमेल्यात पाहिलं आणि खुदकन हसले. आमच्या घरात आल्यापासून इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "आते चहा ठेव," म्हणाले, "आनि साखर जरा जास्ती टाक."

मी गॅसवर आधण ठेवलं. बाहेर आबा उन्हात खुर्ची ओढून बसले आणि मांजर त्यांच्या पायाशी आपले पंजे चाटत राहिली.