पडद्याच्या मागून पाहिलेली शाळा

लोकांची मतं लिहून घेण्याचा मला पगार मिळत असे, हे आज सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण १९६९ साली चिंचवडच्या आमच्या कंपनीत मी कामगार कल्याण विभागात कारकून होतो आणि माझ्या टेबलावर एक अभिप्राय वही होती. महिन्यातून एकदा मैदानावर कामगारांना सिनेमा दाखवायचा, मग त्यांची मतं वहीत उतरवायची आणि शनिवारी वही साहेबांपुढे ठेवायची. बहुतेकांना आवडला तर तो सिनेमा दिवाळीत पुन्हा मागवायचा, नाहीतर त्याचं नाव काढायचं नाही. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं मत मी लिहायचो आणि खाली त्यांचा अंगठा घ्यायचो. माणूस म्हणायचा, "लई हसलो राव," आणि मी लिहायचो, "चित्रपट मनोरंजक व उद्बोधक वाटला." माझ्या शुद्ध मराठीचा मला तेव्हा फार माज होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी शाळेवरचा एक विनोदी सिनेमा आला. त्याचं नाव राहू द्या, सगळे त्याला शाळेचा पिक्चरच म्हणत. अकरावीत चार वेळा नापास झालेला, मिशी फुटलेला एक दांडगा मुलगा मास्तरांना जेरीस आणतो. शेवटी हेडमास्तर त्याला कान धरून पहिलीच्या वर्गात नेऊन बसवतात. इवल्या इवल्या पोरांत तो धटिंगण फळ्यासमोर उभा राहतो आणि मोठमोठ्यानं म्हणत एकेक अक्षर लिहितो. अ पासून ज्ञ पर्यंत, आणि मग बाराखडी. खडू मोडतो, पोरं त्याच्या चुका काढतात, तो पुसून पुन्हा लिहितो. चांगली दहा मिनिटं हे चालायचं आणि मैदान पोट धरधरून हसायचं.

आमचा पडदा मैदानाच्या मधोमध दोन बांबूंना बांधलेला असे. एका बाजूला सिनेमाचं मशीन आणि पुरुष, पडद्याच्या मागच्या बाजूला बायका. कापड पातळ, त्यामुळे चित्र तिकडूनही दिसायचं. गावोगावी तशीच रीत होती. ती कोणी पाडली हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं, मला तर नाहीच नाही.

या वेळी मतं मात्र नेहमीसारखी आली नाहीत. मैदान ज्यांच्या वहिवाटीतलं होतं ते गावातले अर्जुनराव पहिल्याच दिवशी ऑफिसात येऊन बसले. "मास्तरची टिंगल करत्यात त्यात. पोरं नासायची," ते म्हणाले. "माज्या रानात ह्यो पिक्चर परत लागनार न्हाई, लिवा तसं." मी लिहिलं. त्यांचा अंगठा बघून आणखी पंधरा-वीस जणांनी तसेच अंगठे केले. मग आमच्या फिटरच्या मंडळी, कुसुमताई, आल्या. त्यांना सिनेमा आवडला होता, पण मुलाची दया आली होती. "डावखुरं पोर आहे हो ते," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं लिहितं म्हणून मास्तर छळतात बिचाऱ्याला." त्यांच्यामागून सात-आठ बायका आल्या त्याही हेच म्हणाल्या. पुरुषांपैकी एकालाही तो डावखुरा दिसला नव्हता. बायका सिनेमा बघायला येतात की गप्पा मारायला, असा विनोद मी केला आणि त्यावर मीच सगळ्यात जास्त हसलो.

आमच्या कँटीनमध्ये चतुराबाई भांडी घासायच्या. आष्टीकडून आलेल्या, बौद्ध घरातल्या, वय पस्तिशीचं. नवरा भीमराज फाउंड्रीत होता. चतुराबाईंच्या हाताला चव होती असं त्यांच्या वस्तीतली माणसं सांगत, पण कँटीनमध्ये त्यांना वाढायला कोणी लावत नसे. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कोणी नव्हतं. आठ वर्षं पगाराच्या कागदावर त्यांचा डावा अंगठा मीच घेत आलो होतो. कंपनीचा साक्षरता वर्ग होता, पण तो फक्त पुरुषांसाठी.

सिनेमाची पेटी पुण्याहून आठवडाभरासाठी आणलेली असायची. आमच्यानंतर आकुर्डी, थेरगाव आणि चाकण असे खेळ होते आणि मशीनबरोबर मला जावं लागे. आकुर्डीला पडद्यामागे चतुराबाई दिसल्या. थेरगावला पुन्हा दिसल्या, नदी ओलांडून चालत आलेल्या. चाकणला कांद्याच्या बाजाराशेजारी पडदा लावला, तर एसटीनं येऊन ही बाई अगदी पुढे बसलेली. सगळे हसत होते आणि ही मातीत बोट फिरवत होती. "काय चतुराबाई, त्या नापासाच्या प्रेमात पडलात की काय?" मी विचारलं. त्यांनी बोटाखालची माती हातानं सारखी केली.

शनिवारी वही बंद करायच्या वेळी त्या ऑफिसात आल्या.

"भाऊसाहेब, माजं मत लिवायचंय."

"बोला, लिहितो."

"मी लिवनार."

मी टाक दौतीत बुडवून त्यांच्या हातात दिला. उजव्या हातानं भांडी घासणारी बाई, टाक मात्र डाव्या हातात धरला. ओळीच्या उजव्या टोकाला सुरुवात केली आणि डावीकडे सरकू लागली. कपाळावर घाम, जीभ दातांत. तीन ओळींना वीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होतो. शेवटी वही माझ्याकडे सरकवली तर तिच्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघोट्या.

"ही कुठली भाषा? उर्दू का?" मी हसलो.

"लिवलंय ते वाचा की."

"यात वाचण्यासारखं काही नाही, बाई. द्या अंगठा, मी लिहितो तुमच्या वतीनं."

त्यांनी हात पदराखाली घेतला. "आंगठा न्हाई देनार," त्या हळू म्हणाल्या. "आजपास्नं न्हाई." आणि मान खाली घालून निघून गेल्या. मला रागच आला. चांगलं पान फुकट गेलं होतं.

पुढच्या पानावर मतांचे आकडे टाकावेत म्हणून मी पान उलटलं. त्या वहीचा कागद अगदी हलका, शाई पलीकडे फुटायची. पलीकडे फुटलेली ती शाई मी निरखून बघितली. तिथे स्वच्छ, सरळ मराठी होतं.

समदे हसले. मी नाई हसले. परत आना. चतुरा.

मी उठून उभा राहिलो. कोणासाठी उभा राहिलो ते मला कळलं नाही. पडद्यामागून चित्र उलटं दिसतं! म्हणून बायकांना तो मुलगा डावखुरा दिसला आणि म्हणून या बाईनं टाक डाव्या हातात धरला. चार संध्याकाळी, दहा-दहा मिनिटं. एवढ्या अवधीत, हसणाऱ्या गर्दीत बसून, शिकवणारा कोणी नसताना तिनं अख्खी वर्णमाला उचलली होती. बाराखडी तर त्या मुलानं एकट्या 'क' ची लिहिली होती. बाकीच्या अक्षरांना काना-मात्रा तिनं आपल्या अकलेनं लावल्या होत्या. मी अकरावीला बसलो तेव्हा मला दोन शिकवण्या होत्या.

मी कँटीनमध्ये धावत गेलो. त्या राखेनं पातेलं घासत होत्या.

"चतुराबाई, वाचलं!"

त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "काय लिवलंय सांगा."

मी एकेक शब्द सांगितला. प्रत्येक शब्दाला त्यांचे ओठ हलत होते. "परत आना" ला त्यांनी डोळे पुसले, राख गालाला लागली.

"मग मगाशी का न्हाई वाचता आलं?"

"मी चुकीच्या बाजूनं बघत होतो," मी म्हणालो, आणि कारकुनीच्या सगळ्या वर्षांत इतकं खरं वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, हातात पुस्तक. "रोज हात जोडते, पर खाली काय लिवलंय ते कळत न्हाई. लाज वाटायची. त्यो पोरगा मोठा होऊन पयलीत बसला, समदे हसले. मला वाटलं, मला बी कुनी तसं नेऊन बसवलं असतं तर! अजून जोडाक्षरं न्हाई आली मला. दोन-तीनदा बघितलं म्हंजी येतील."

सिनेमा पुन्हा मागवायला साहेब तयार झाले, पण अंगठे सिनेमाविरुद्ध होते आणि मैदान अर्जुनरावांचं. मी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो आणि पान उजेडासमोर उलटं धरून सगळा प्रकार सांगितला. अर्जुनरावांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"मास्तर नसताना शिकली?"

"व्हय," मी त्यांच्याच बोलीत म्हणालो.

"आन आमी मास्तरच्या अब्रूचं घेऊन बसलो," ते म्हणाले. "लावा पिक्चर."

दिवाळीत खेळ लागला तेव्हा मी चतुराबाईंना पडद्याच्या पुढे, मशीनच्या बाजूला, खुर्ची दिली. पुरुषांत कुजबुज झाली. "बाई इकडं कशी?" कोणीतरी म्हणालं. अर्जुनराव पहिल्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून फक्त बघितलं आणि आवाज बंद झाला.

ते दृश्य आलं. धटिंगण फळ्यासमोर उभा राहिला, खडू घेतला आणि चतुराबाई ताडकन उठल्या.

"आगं बया! ह्यो तर उजव्या हातानं लिवतोय!"

मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्हंजी माजं समदं उलटं? समदं परत शिकायचं?"

तेवढ्यात पडद्यावर त्या मुलाचं अक्षर चुकलं, पोरं ओरडली, त्यानं फळा पुसला आणि नव्यानं सुरुवात केली. ते बघून चतुराबाई हसल्या, पाच खेळांत पहिल्यांदा. आधी पदरात तोंड लपवून, मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

त्यांचं ओरडणं पलीकडे ऐकू गेलं होतं. आधी कुसुमताई बांबूच्या कडेनं डोकावल्या, पोरगा खरंच उजव्या हातानं लिहितोय का ते बघायला. त्या परत गेल्याच नाहीत. मग दुसरी आली, तिसरी आली, कडेवरची पोरं घेऊन. पुरुष सरकले, जागा झाली. बाराखडी संपेपर्यंत पडद्यामागे एकही बाई उरली नव्हती.

पुढे चतुराबाई सरळ अक्षरं शिकल्या, महिनाभरात. वाढायच्या खिडकीवर यायला मात्र आणखी सहा वर्षं लागली. त्या खिडकीला काच होती. १९८१ साली मी निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत रोज सकाळी त्या काचेच्या आतून डाव्या हातानं उलटं लिहायच्या, म्हणजे बाहेर रांगेत उभ्या राहिलेल्यांना जेवणात काय आहे ते सरळ वाचता यावं. नवा कामगार आत डोकावून म्हणायचा, "मावशी, उलटं लिवलंय की."

"भायेर जाऊन बघ," चतुराबाई म्हणायच्या.