बिनफौजेचे कर्नल

आमच्या शाळेच्या संगणककक्षातील सहायकांना सारा गाव ‘कर्नलसाहेब’ म्हणत असे. वास्तविक सैन्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्राचा प्रत्येक भाग त्याच्या आज्ञेने चालतो. आमचे संगणक जुने, तयार मिळणारा गाभा त्यांना पेलत नसे. म्हणून नको ते भाग वगळून हे गृहस्थ तो स्वतः बांधून घेत. ‘काय चाललंय?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘कर्नल करतोय.’ गावाने त्यातून हवे ते ऐकले. पिंपळवंडीहून येताना एसटीत लोक उठून त्यांना जागा देत.

‘बसा साहेब. कोणत्या बॉर्डरवर व्हता?’

‘आमी लॅबमध्येच लढतो, भाऊ.’

गाभा बांधण्यापूर्वी पडद्यावर प्रश्नांची लांबलचक रांग येते: हा भाग हवा की नको? त्यांचा कल नेहमी ‘नको’कडे. ‘आपल्याकडं जे न्हाई, त्याचं वझं मशिनीवर कशाला?’ मी गणिताचा शिक्षक. मला हे पटे. या वगळण्यामुळेच मोडीत निघायची यंत्रे चालत राहिली आणि शेतातून थेट शाळेत येणाऱ्या मुलींची बोटे कळफलकावर सराईतपणे फिरू लागली.

हाच काटेकोरपणा अंगाशी आला. मुले खेळ भरून आणतात म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह ओळखणारा भागही वगळला होता. एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना कक्ष दाखवायला आले. त्यांनी खिशातला पेनड्राइव्ह काढून लावला. पडद्यावर काहीच उमटेना.

‘काय राव कर्नल, तुमच्या फौजेला एवढुसा पावणा वळखंना?’

पाहुणे हसले. कर्नलसाहेब शांतपणे म्हणाले, ‘तेवढा भाग घालून परत बांधावं लागंल. दुपारपर्यंत देतो.’

‘दुपारपर्यंत? पेनड्राइव्ह लावायला?’

नवे संगणक घेण्याचा निर्णय तेथेच, उभ्याउभ्या झाला. कर्नलसाहेब मात्र यंत्रासमोरून उठले नाहीत. दुपारी त्यांनी मला बोलावून पडदा दाखवला. ‘उघडला बघा, सर. अध्यक्षांना सांगा तेवढं.’

मी सांगितले. ‘आता कशाला?’ अध्यक्ष म्हणाले.

जुनी यंत्रे भंगाराच्या टेम्पोतून गेली. त्यांच्यामागे कर्नलसाहेबांची नोकरीही. नव्या संगणकांना सहायक लागत नाही, असे कारण मिळाले. हल्ली ते पारगावकडे उसाच्या वजनकाट्यावर बसतात.

नवे संगणक उत्तम आहेत. मुलांनी ते बिघडवू नयेत म्हणून खोलीला कुलूप असते.