साहेबांनी फरशीवर शिकवलेला भागाकार

मंडळी, आज मी बदला घेतला आणि मला जराही वाईट वाटत नाहीये.

आण्याच्या पठारावरच्या शाळेत मी चौथीला शिकवते. गेल्या वर्षी वर्गात टीव्ही बसवला, तेव्हा आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी भिंतीवरचा फळा काढायला लावला. "मॅडम, तुम्ही अजून खडूतच अडकलात," असं मुलांसमोर म्हणाले. वर हुकूम, रोज वर्गाचा एक फोटो केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा.

आज साहेब तपासणीला आले आणि टीव्ही सकाळपासून बंद. म्हणाले, "मग फळ्यावर शिकवा."

मी म्हटलं, "तो तुम्हीच काढायला लावलात. आता तुम्हीच भागाकार शिकवून दाखवा."

साहेब रिकाम्या भिंतीकडे वळले. तेवढ्यात माझ्या वर्गातल्या श्रावणीने त्यांच्या हातात खडू दिला. "साहेब, टीव्ही बंद पडला की आमी फरशीवर लिहितो. खाली बसा की!"

इस्त्रीच्या पँटीत साहेब गुडघ्यावर बसले. भागाकार चुकला. श्रावणीने तो हाताने पुसला आणि बरोबर करून दाखवला.

मी तेवढ्यात फोटो काढला आणि आजचा म्हणून तोच ग्रुपवर टाकला.

मघाशी साहेबांचा फोन आला. "मॅडम, तेवढा फोटो डिलीट करा ना."

म्हटलं, "करते की. आधी फळा लावा."

सांगा, जास्त झालं का माझं?