धुतलेले बोल्ट

आमच्या कारखान्यात बोल्ट सैल निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘कुणी आवळला?’ तो सैल का झाला, हे मागाहून कुणाला सवड मिळालीच तर विचारायचं. मला या प्रश्नाची चीड आहे. कारण त्याचं उत्तर नेहमी एखाद्या कंत्राटी माणसाच्या नावावर जाऊन थांबतं, आणि त्या माणसाचा गेटपास बंद झाला की बोल्टचा प्रश्न सुटला असं सगळे धरून चालतात.

मी मुळशीतल्या एका कारखान्यात टॉर्कची इंजिनिअर आहे. छोट्या बसच्या सीट आम्ही बनवतो. कुठला बोल्ट किती जोरानं आवळायचा, कुठल्या पान्यानं आवळायचा, आवळल्यावर तो खरोखर बसला का, हे ठरवणं माझं काम. आमचे वडील आमच्या गावी, नेऱ्यात, येणाऱ्या पाहुण्यांना सांगतात, “नटबोल्ट आवळायला शिकायला चार वर्षं घातली हिनं.” पाहुणे हसतात. मीही हसते, पण आतून चिडते. बसमध्ये बसणाऱ्याच्या ढुंगणाखाली काय आहे, याचा विचार त्याच्या वतीनं कुणीतरी करायला हवा की नको?

कॉलेजात असताना मी पत्रकं काढायचे. गावच्या ओढ्यात बिल्डरांनी राडारोडा ओतला तेव्हा चार-पाच काढली, दारोदार वाटली. पत्रक लिहायची एक शिस्त असते. वाक्य आखूड. दोषी कोण ते पहिल्याच ओळीत. आणि एक घोषणा, जी भिंतीवर लिहिली तरी लक्षात राहील. नोकरी लागली तरी ही खोड गेली नाही. कारखान्यातल्या इंग्रजी सूचना कुणी वाचत नाही म्हटल्यावर मीच मराठीत कागद करून स्टेशनांवर चिकटवायला लागले. त्याचा मला भारी अभिमान होता.

सीटचा पाया जिथे बसवतात त्या स्टेशनवर मावशी काम करायच्या. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. सकाळी तासभर उतरून रस्त्याला लागायचं आणि ठेकेदाराची गाडी पकडायची. भातलावणी, लाकूडफाटा, हॉटेलातली भांडी, सगळं करून त्या इथं आल्या होत्या. त्यांचा हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा थक्क झाले. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोराला पोचला की ‘कट्’ असा आवाज करतो. बहुतेक लोक आवाजानंतरही एक झटका देतात, बरं असावं म्हणून. मावशी आवाजाला थांबायच्या. मग बोल्टवर पिवळी खूण करायच्या. चुकून एकही जास्तीचा झटका नाही.

म्हणूनच दसऱ्यानंतरच्या आठवड्यात क्वालिटीच्या साहेबांनी बोलावून सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. पाठवण्याआधी काही सीट हलवून बघायच्या यंत्रावर चढवतात. त्यातल्या दोन सीटच्या पायातले बोल्ट सैल झाले होते. दोन्हींवर मावशींच्या स्टेशनचा शिक्का.

“पिवळी खूण आहे, म्हणजे न आवळताच खूण केलीये,” साहेब म्हणाले. “ठेकेदाराला सांगितलंय. उद्याच्या मीटिंगनंतर बाईंचा पास बंद.”

“तपासलंत?”

“खूण आहे आणि बोल्ट सैल आहे. अजून काय तपासायचं?”

मी तावातावानं बाहेर पडले. जिन्यावरच डोक्यात पत्रक तयार होऊ लागलं होतं. पहिली ओळही सुचली, ती तिथंच वहीत टिपली: चूक मालाची, बळी कामगाराचा. माल चुकलाय हे मला अजून माहीत नव्हतं, पण ओळ छान होती.

मावशी बाकावर डबा उघडून बसल्या होत्या. त्यांना कळलेलं होतं.

“बाई, कट् झाल्याबिगर म्या कदी खून लावली न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी तरी मानताय का?”

“मानते. म्हणून तर आलेय.”

“मानून काय हुतंय? पोरीचं नर्सिंगचं पयलंच वरीस हाय. आत्ता पास गेला तर तिला घरी बोलवावं लागंल.” भाकरीचा तुकडा त्यांनी तसाच डब्यात ठेवला.

मी त्यांचा पाना घेऊन तपासणीच्या यंत्रावर लावला. बरोबर होता. मग त्यांच्या ट्रेमधला एक बोल्ट उचलला आणि दोन बोटांत फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. आमच्या बोल्टवर मेणासारखा पातळ थर असतो, बोटं किंचित बुळबुळीत होतात. हा कोरडा ठणठणीत होता आणि नको तितका चकाकत होता.

“मावशी, हे बोल्ट असे कसे?”

“धुतले की आमी. खंडेनवमीला.”

“धुतले?”

“मग? समदं मशीन धुतलं, रॅक धुतलं, आन बोल्ट तेवडं तेलकट ठिवायचं? पूजा हुती. साबनाच्या पावडरीत खळखळ धुतलं, गोनपाटावर उन्हात वाळवलं, तांदूळ वाळवतो तसं. आख्खा क्रेट.” मग त्यांनी मानेनं भिंतीकडे दाखवलं. “आन कागद तुमचाच हाय न्हवं. वाचाया येतं मला.”

भिंतीवर माझा कागद होता. मोठ्या लाल अक्षरांत: स्वच्छ बोल्ट, पक्का जोड!

उन्हाळ्यात आट्यांत लोखंडाचा कीस अडकून दोन बोल्ट वाकडे गेले होते, तेव्हा मी तो लावला होता. स्वच्छ म्हणजे कीस नसलेला, हे माझ्या डोक्यात होतं. कागदावर नव्हतं. घोषणेत तेवढी जागाच नसते.

मी मावशींना घेऊन टेस्टिंगच्या टेबलाशी गेले. तिथं एक जाड कडी आहे, तिच्यातून बोल्ट आवळला की तो जोडाला किती दाबतोय तो आकडा समोर दिसतो. आधी पाकिटातला तेलकट बोल्ट लावला. मावशींनी पाना ओढला. कट्. मग धुतलेला. कट्. आवाज तोच, जोर तोच. आकडा मात्र निम्म्याच्याही खाली.

मावशी आकड्याकडे बघत राहिल्या. “कट् तर झालं की.”

“झालं. पण बोल्ट कोरडा आहे, त्यामुळे तुमचा जोर घासण्यातच गेला. दाबायला उरलाच नाही.”

“चाकाला वंगन नसलं की बैल नुसता दमतो, तसं.”

“अगदी तसं.”

“मंग चूक माजीच झाली की वो,” त्या हळू म्हणाल्या.

“नाही,” मी म्हटलं, “तुम्ही कागद वाचलात. चूक कागद लिहिणारीची.” हे बोलायला मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं. पिशवीतल्या वहीत ती छान ओळ होती. ती मी खोडली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी दोन्ही बोल्ट, कडी आणि भिंतीवरून काढलेला माझा कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी सगळं नीट पाहिलं.

“म्हणजे धुतले बाईंनीच ना?”

“कागदावर लिहिलं तसं केलं. कागद माझा. चुकीची नोंद करायची तर माझ्या नावावर करा.”

“करणारच.” त्यांनी कागद उचलला आणि वाचला. “पत्रकं काढायची एवढी हौस, तर निदान बरोबर तरी काढा.”

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं.

माझ्या नावावर नोंद झाली. मावशींचा पास राहिला. त्या क्रेटमधल्या बोल्टवर बसवलेल्या सगळ्या सीट आम्ही रविवारी उघडल्या, नवे बोल्ट घातले. मावशी आपणहून आल्या. दुपारी म्हणाल्या, “माजंच धुनं हाय, मीच आवरती.”

नवा कागद मी त्यांनाच विचारून केला. मी ‘वंगणाचा थर अबाधित ठेवावा’ असं काहीतरी लिहिलं होतं. ते ऐकून त्या म्हणाल्या, “ह्ये कोन वाचनार? साधं ल्हिवा.” मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले: बोल्ट धुवू नका. पुसू नका. तेलकट आहे तसाच लावा. हाताला कोरडा लागला तर लाइन थांबवा.

शेवटच्या वाक्यावर साहेब अडले. ‘थांबवा’ नको, ‘कळवा’ लिहा म्हणाले. मी हटले नाही. कळवायला गेलेला माणूस परत येईपर्यंत चाळीस बोल्ट लागतात, हे त्यांना लाइनवर उभं करून दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

पौष महिन्यात मावशींनी हात वर केला आणि लाइन थांबवली. “बाई, हा कोरडा हाय!” नवा माल होता, थर न देताच आला होता. साहेब धावत आले, “कुणी...” म्हणाले, मावशींच्या हातातल्या बोल्टकडे पाहिलं आणि म्हणाले, “काय झालंय?” तो सगळा माल त्याच दिवशी परत गेला.

यंदाच्या खंडेनवमीला मावशींनीच स्टेशन मांडलं. पाना पुसला, त्याला झेंडूची माळ घातली. शेजारी बोल्टची बंद पिशवी. साहेब हळदकुंकू घेऊन आले, नमस्कार केला आणि पिशवीचं तोंड सोडायला लागले.

“साहेब,” मावशी म्हणाल्या, “पिशवीवरनंच.”

साहेबांनी गाठ परत मारली आणि पिशवीवरनंच कुंकू लावलं.