बब्रुवानरावांचे एरंडेल आणि दोन इंजिने

बब्रुवान केरबा माडजे, राहणार सास्तूर, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद. जन्म फसली सन १३१७, म्हणजे इसवी सन १९०७ किंवा १९०८. मृत्यू ११ फेब्रुवारी १९६७. जन्माची नेमकी तारीख देता येत नाही, याची मला रुखरुख आहे. खुद्द बब्रुवानरावांना ती कधी वाटली नाही. जन्म झाला हे पुरेसे असून तो केव्हा झाला हे शोधण्याचे काम सरकारचे आहे, असे ते म्हणत.

त्यांची जमीन मोठी होती. परंतु पंचक्रोशीत त्यांचे नाव झाले ते पिठाच्या गिरणीमुळे. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षी त्यांनी एक जुने, आडवे तेलइंजिन बैलगाडीतून आणले. त्याचे चाक पुरुषभर उंच होते आणि त्याची चाल एखाद्या पोक्त गृहस्थासारखी संथ होती. दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाचे एक वाक्य बोलून होई. त्याच्या डोक्यावर तेलाची काचेची वाटी होती. तीतून थेंबथेंब तेल आत उतरे, आपले काम करी आणि खालच्या ताटलीत गळून पडे. ताटलीतले तेल गाड्यांच्या आसांना जाई. कोणताही थेंब दुसऱ्यांदा इंजिनात शिरत नसे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. बब्रुवानरावांनी तो अखेरपर्यंत ठेवला नाही.

त्या वाटीत ते स्वतःच्या बांधावरच्या एरंडीचे, घाण्यावर काढलेले तेल घालीत. त्यामागे त्यांचा सिद्धांत होता. "मानसाचं पोट एरंडेलानं साफ व्हतंय का न्हाय? मग इंजिनाला काय पोट न्हाय व्हय?" असे ते दळणासाठी आलेल्या बायांना विचारीत. बायांना दळण लवकर हवे असल्यामुळे त्या होकार देत. बब्रुवानरावांनी या होकारांना शास्त्रीय पुरावा मानले. अकरा वर्षे इंजिन निर्वेध चालले, त्यामुळे त्यांच्या सिद्धांतावर कळस चढला.

इंजिन सांभाळणारे खाजाभाई नबीलाल शेख हेही अकरा वर्षे तेथेच होते. मशिनीवर हात ठेवून तिला काय दुखते आहे ते सांगणारा हा माणूस. सिद्धांत कोणताच मांडीत नसे, म्हणून गावात त्याला विद्वान मानीत नसत.

१९५८ साली बब्रुवानरावांनी नवे इंजिन घेतले. ते उभे, अंगाने लहान आणि जुन्याच्या पाचपट वेगाने फिरणारे होते. त्याच्या पोटात तेलाची बंदिस्त टाकी होती. तेच तेल पंप वर फेकी, ते सगळ्या भागांना न्हाऊ घालून परत खाली येई आणि पुन्हा वर जाई. इंजिनाबरोबर कंपनीचे पुस्तक आले होते. खंडेनवमीला बब्रुवानरावांनी ते इंजिनाशेजारी पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि पूजेनंतर देव्हाऱ्यात ठेवून दिले. पुढच्या वर्षीही असेच झाले. त्या पुस्तकाची पूजा दोनदा झाली, वाचन एकदाही झाले नाही.

पहिल्याच दिवशी खाजाभाईंनी विचारले, "मालक, ह्यात कंपनीचं तेल घालायचं ना?"

"का? एरंडेलाला काय झालं?"

"जुन्याची गोष्ट येगळी व्हती. थेंब यायचा, जायचा. ह्यात तेच तेल रोज तापतंय, रोज फिरतंय. घट्ट व्हईल ते. डिंकावानी."

"खाजाभाई, अकरा सालं तू काय घातलंस?"

"एरंडेल."

"इंजिन मेलं का?"

"न्हाय, मालक."

"मग गप ऱ्हा."

खाजाभाईंनी टाकीत एरंडेल ओतले. तेल बदलू का, असे त्यांनी पुढेही दोनतीनदा विचारले. एरंडेल जुने होईल तसे औषधी होते, असे उत्तर मिळाले.

वर्ष उलटल्यावर इंजिन निळसर धूर सोडू लागले. सकाळी हँडल मारताना खाजाभाईंचा दम निघे. टाकीतले तेल तर असे उतरू लागले की आठवड्याला नवा डबा लागावा. प्रारंभी बब्रुवानराव कौतुकाने म्हणत, "तरणं हाय. खायाचंच." परंतु बांधावरची एरंडी संपली, दुसऱ्यांकडून तेल मागण्याची पाळी आली, तेव्हा कौतुक आटले. तेल जाते कोठे, असा प्रश्न त्यांना पडला. इंजिनाकडे पाहण्याऐवजी त्यांनी खाजाभाईंकडे पाहिले.

आठवडी बाजाराचा दिवस होता. गिरणीच्या दारात पायल्या, टोपल्या आणि चाळीसएक माणसे होती. बब्रुवानरावांनी तेलाच्या कपाटाला कुलूप घातले, किल्ली आपल्या करगोट्याला बांधली आणि ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आता बघू कुनाच्या घरात दिवा जळतोय माझ्या तेलाचा."

खाजाभाई हात पुसत बाहेर आले. "मालक, माझं नाव घ्या. असं आडून नका बोलू."

"घेतलं! तूच नेतोस. दुसरं हाय कोन हितं?"

खाजाभाईंनी खांद्यावरचे फडके इंजिनाच्या चाकावर ठेवले. "बरं," म्हणाले आणि निघून गेले. हाताला वंगण आणि तोंडी मोजके शब्द असलेल्या माणसाचे नाव हीच त्याची सगळी मिळकत असते. जवळच्या लोहारा गावच्या गिरणीत ते काम मागायला गेले तर मालक म्हणाला, "काम येतंय तुमाला, त्याच्यात वाद न्हाय. पन आमी बी तेल वापरतो, भाई." तीन महिने ते रिकामे बसले. त्यांच्या पत्नी मदिनाबी दळण घेऊन पाच मैल दुसऱ्या गावी जात. सास्तूरच्या गिरणीची पायरी चढणे त्यांनी सोडले होते.

खाजाभाईंच्या जागी आलेल्या माणसाला कपाटाची किल्ली मिळत नसे. बब्रुवानराव स्वतःच्या हाताने तेल घालीत. तरीही तेल उतरतच होते. म्हणजे चोर आता मालकच होते. परंतु हा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. तिसऱ्या महिन्यात इंजिन कण्हले, घरघरले आणि बंद पडले.

सोलापूरहून फिटर बोलावला. मी त्या वेळी सास्तूरच्या शाळेचा मुख्याध्यापक असल्यामुळे देव्हाऱ्यातले पुस्तक वाचून दाखवण्यासाठी मलाही निरोप आला. पुस्तकाची बरीच पाने कुंकवाने एकमेकांस चिकटली होती. फिटर म्हणाला, "हे रोज चालवत होता तो माणूस बोलवा. त्याच्याशिवाय मी पाना लावत नाही." खाजाभाई आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

पिस्टन बाहेर निघाला तेव्हा त्याच्या कड्या खोबणीत लाखेसारख्या घट्ट बसलेल्या होत्या. स्क्रूड्रायव्हरनेही सुटेनात. बब्रुवानराव म्हणाले, "हे तेल न्हाय. हे कायतरी दुसरं हाय. कुनीतरी घातलंय."

त्यांच्या पत्नी द्वारकाबाई मागे उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि भज्यांची कढई घेऊन आल्या. कढईच्या बाहेरच्या अंगाला पिवळा, चकचकीत थर बसला होता. "अवं, हे बघा. तेच तेल दहा डाव तापवलं की असंच बसतंय. राखेनं घासलं तरी निघत न्हाय. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. पर स्वयंपाकघरातलं कोन इचारतंय?"

दारातल्या बाया हसल्या. फिटरने सिलिंडरच्या आतून नख वर नेले, ते एका जागी अडले. त्याने बब्रुवानरावांचे बोट धरून तेथेच फिरवले. "लागला हा ओठ, हा उंचवटा? त्याच्याखाली एवढी भिंत झिजलीय. कड्या अडकल्या, म्हणजे तेल पुसून खाली आणणारं कुणी उरलं नाही. तेल फटीतून वर गेलं आणि जळलं. तुमचं तेल कुणाच्या घरी नाही गेलं, मालक. त्या धुराड्यातनं गेलं. जुन्या इंजिनात फटी सैल, चाल मंद, तेल दर वेळी ताजं. तिथं हे खपलं. इथं केसभर फट आहे."

मी पुस्तकातले कोष्टक वाचले: कोणत्या ऋतूत किती दाट खनिज तेल घालावे, किती तासांनी ते काढून टाकावे. त्याखाली ठळक अक्षरांत वनस्पतिजन्य तेल वापरू नये असे छापले होते. नेमक्या त्याच ओळीवर कुंकवाचे बोट उमटलेले होते.

सगळ्यांच्या नजरा बब्रुवानरावांकडे वळल्या. उंबऱ्याबाहेर खाजाभाई एक वाक्य ऐकण्यासाठी थांबले होते. बब्रुवानराव म्हणाले, "मग कंपनीनं इंजिनच नाजूक बनवलं की."

खाजाभाई परत गेले.

इंजिनाला नवे लायनर, म्हणजे सिलिंडरचे अस्तर, आणि नव्या कड्या बसल्या. सोलापूरहून तेलाचे डबे येऊ लागले. महिन्याभराने बब्रुवानरावांनी द्वारकाबाईंच्या हाती कपाटाची किल्ली खाजाभाईंकडे पाठवली. इतका मोठेपणा आपण दाखवला हे त्यांनी चावडीवर तीन वेळा सांगितले. किल्ली त्याच संध्याकाळी परत आली. निरोप असा होता: "किल्ली नको. बाजारच्या दिशी बोलले तर बाजारच्याच दिशी बोलावं." बब्रुवानरावांना यात उद्धटपणा दिसला. त्यानंतर सुमारे साडेतीनशे बाजार भरले. गिरणीपुढच्या गर्दीला ते एरंडेलाचे दोष अधिकारवाणीने समजावून सांगत, जणू हा शोध त्यांनीच लावला. "चोरी खाजाभाईनं केली न्हाय", एवढे चार शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. फिटरने लोहाऱ्यात शब्द टाकला म्हणून खाजाभाईंना तेथे काम मिळाले.

बब्रुवानराव गेले तेव्हा किल्ली करगोट्यालाच होती. तेराव्याला खाजाभाई आले. जेवणाची पंगत उठत असताना द्वारकाबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "खाजाभाईनी तेल नेलं न्हवतं. ह्यांनी सांगायचं ऱ्हायलं व्हतं, ते मी सांगतेय."

खाजाभाई चपला घालता घालता थांबले. "वैनी, तुमी कशाला? तुमच्याकडं माझं काय निघत न्हवतं."

यापुढचे नोंदवतो. गिरणी द्वारकाबाईंनी चालू ठेवली. नवे इंजिन तिथे आजही चालते. त्यात योग्य ते तेल पडते आणि ते वेळेवर बदलले जाते. जुने इंजिन मागच्या पडवीत उभे आहे. कंपनीचे पुस्तक द्वारकाबाईंनी माझ्या हवाली केले. त्याची चिकटलेली पाने मी वाफेवर धरून सोडवली आहेत. किल्ली बब्रुवानरावांबरोबर गेली. चार शब्दांची बाकी त्यांच्याच नावे राहिली.