माळशेजचा जलविभाजक

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी माळशेजचा विषय काढला की मी धुक्याबद्दल दोन वाक्यं बोलायचो आणि विषय बदलायचो.

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. दर हिवाळ्यात नववीची सहल मुरबाडमार्गे माळशेज घाटात न्यायची, ही प्रथा माझीच. घाट चढून पठारावर आलं की जिल्ह्याची हद्द दाखवणारी पाटी लागायची. तिथे बस थांबवून मी मुलांना पाण्याच्या बाटल्यांसह खाली उतरवायचो आणि पाटीच्या दोन्ही अंगांना पाणी ओतायला लावायचो. अलीकडचं पाणी काळू नदीतून उल्हास नदीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळणार. पलीकडचं पुष्पावती, कुकडी, घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. या दोन पाण्यांना वेगळं करणारी रेषा म्हणजे जलविभाजक, आणि ती बरोबर या पाटीखालून जाते, असं मी सांगायचो. “सर, माझं पाणी बंगालला जायला नको म्हणतंय,” असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचं आणि दरवर्षी मी हसायचो.

खरं तर मी ती जागा कधी तपासली नव्हती. जिल्ह्याची हद्द डोंगराच्या माथ्यावरून जाते हे नकाशात दिसतं, म्हणून पाटी म्हणजेच माथा असं मी धरून चाललो होतो. पाटी रोवणारा माणूस पाण्याचा उतार बघत नाही, गाडीवाल्याला दिसेल अशी जागा बघतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

एका वर्षी शाळेत भूगोलाला नव्या बाई आल्या. शिक्षणसेवक होत्या, मुदत संपली की कायम व्हायच्या. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, पगार यांचाच. त्या सहलीला आल्या. मुलं पाणी ओतत होती तेव्हा त्या पलीकडच्या ओहोळाच्या कडेनं चालत लांब गेल्या. परत आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

“सर, हा ओहोळ पुढे वळतो आणि कड्यावरूनच खाली पडतो. दोन्हीकडचं पाणी काळूलाच जातंय. जलविभाजक तो पुढचा उंचवटा आहे.”

मी जाऊन पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. कोकणातल्या नद्या तीव्र उताराच्या, कडा मागे मागे खात जाणाऱ्या. खाता खाता पठारावरचं थोडं पाणीही त्या आपल्याकडे ओढून घेतात. वर्गात हे मीच शिकवायचो.

“बाई, मी इथे यायला लागलो तेव्हा तुम्ही नववीत असाल,” मी म्हणालो.

“नववीत नाही सर, सातवीत,” त्या म्हणाल्या. शेजारची मुलं हसली. त्या हसण्याचा मला राग आला, आणि मुलांना मी खरी जागा सांगितली नाही.

वार्षिक परीक्षेत या जागेवर प्रश्न होता. बाईंच्या तुकडीनं उत्तर लिहिलं उंचवटा, माझ्या तुकडीनं पाटी. दोन्ही उत्तरांना आपापल्या तुकडीत पूर्ण गुण. पालकांनी उत्तरं ताडून पाहिली आणि ते शाळेत भांडायला आले. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी ज्येष्ठ, म्हणून आधी मला विचारलं की बरोबर काय.

“पाटी,” मी म्हणालो. “बाई नवीन आहेत.”

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मुदत संपली तेव्हा संस्थेनं त्यांना कायम केलं नाही, आणि कारण म्हणून हाच प्रकार पुढे आला.

त्यानंतरच्या सहलीत मी बस पाटीपाशी थांबवली नाही. उंचवट्यावर नेली आणि तिथे मुलांना पाणी ओतायला लावलं. जागा का बदलली, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. पाटीपाशी गाड्या फार असतात, असं मी सांगितलं. निवृत्त होईपर्यंत सगळी मुलं बाईंच्या जागेवर उभी राहिली, आणि ती जागा बाईंची आहे हे मी एकालाही सांगितलं नाही.

मागच्या वर्षी कळलं की त्या टिटवाळ्याला राहतात, घरीच शिकवण्या घेतात. पत्ता शोधून मी गेलो. त्यांचेही केस पांढरे झाले होते. त्यांनी चहा केला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं. “माझी नोकरी गेली त्याच वर्षी ते गेले,” त्या साध्या आवाजात म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, “सर, सहल शेवटपर्यंत नेत होतात?”

“हो.”

“कुठे थांबायचात?”

“उंचवट्यावर.”

त्यांनी मान हलवली. “बरं केलंत. मुलांना चुकीचं कळायला नको.”

याच्यानंतर बोलणं सोपं व्हायला हवं होतं. मी कप खाली ठेवला, उठलो, चपला घातल्या. त्या दारापर्यंत आल्या आणि जिना अरुंद आहे, जपून उतरा, म्हणाल्या. एवढंच सांगायचं ठरवून मी घरून निघालो होतो, आणि ते न सांगताच जिना उतरलो: बाई, तुमचं बरोबर होतं, ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरीही मी खोटं बोललो. मला माफ करा.